एका बिटाने अडलेली डिस्क: ईएक्सटी४ ची नवी सवय आणि जुना ग्रब

यजमान यंत्रावर फेब्रुवारी २०२३ मधले डेबियन अनस्टेबल, म्हणजे या लिनक्स वितरणाची विकासातली शाखा, आहे: कर्नल ६.१ आणि ई२एफएसप्रॉग्ज १.४७.० (ईएक्सटी४ फाइलसिस्टिम बनवणारी आणि तपासणारी साधने). त्यावर डेबियन ११ ची, म्हणजे बुल्सआयची, ४ जीबीची व्हर्च्युअल डिस्क बनवायची आहे. ज्या स्क्रिप्टने हे काम आदल्या महिन्यापर्यंत बिनबोभाट होत होते, तीच स्क्रिप्ट आता शेवटच्या पायरीवर, म्हणजे ग्रब हा बूटलोडर (यंत्र सुरू होताना कर्नल उचलून चालवणारा प्रोग्राम) बसवताना पडते. स्क्रिप्टमध्ये एक अक्षरही बदललेले नाही.

स्क्रिप्ट काय करते ते आधी पाहू. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत जातात.) 'ट्रंकेट' वापरून ४ जीबीची रिकामी फाइल बनते. 'एसजीडिस्क' तीवर जीपीटी, म्हणजे पार्टिशनांचा तक्ता, मांडतो. पहिले पार्टिशन सेक्टर २०४८ पासून १ एमबीचे, प्रकार ईएफ०२, म्हणजे बायॉस बूट पार्टिशन. दुसरे उरलेल्या सगळ्या जागेचे, प्रकार ८३००, म्हणजे साधे लिनक्स पार्टिशन. मग 'लोसेटअप' ती फाइल लूप डिव्हाइसला जोडतो (म्हणजे ती डिस्कसारखी वापरता येते), 'एमकेएफएस.ईएक्सटी४' दुसरे पार्टिशन फॉरमॅट करतो, 'डीबूटस्ट्रॅप' त्यात बुल्सआय उतरवतो. शेवटी डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तिन्ही आत बाइंड करून 'सीएचरूट' घेतले जाते, म्हणजे त्या नव्या प्रणालीच्या आत शिरले जाते, आणि आतूनच कर्नल व ग्रब बसवले जातात. ग्रब-इन्स्टॉलची वेळ आली की एवढेच उत्तर येते:

ग्रब-इन्स्टॉल: एरर: अननोन फाइलसिस्टिम.

या निरोपाने फार लोकांना चुकीच्या दिशेला पाठवले आहे. लूप डिव्हाइस नीट जोडले नसेल, डेव्ह बाइंड करायचे राहिले असेल, पार्टिशनचा प्रकार चुकला असेल, अशा शंका घेत तास जातो. प्रत्यक्षात ती फाइलसिस्टिम त्याच क्षणी माउंट झालेली असते. तिच्यावर तीन-चारशे एमबी डेटा नुकताच लिहिलेला असतो आणि यजमान कर्नलची काहीच तक्रार नसते. 'अननोन' म्हणणारा कर्नल नव्हेच.

दोन वाचक

ग्रबला कर्नलची मदत मिळत नाही, कारण तो धावतो तेव्हा कर्नल अजून डिस्कवरच असतो. म्हणून प्रत्येक फाइलसिस्टिम वाचण्यासाठी ग्रबकडे स्वतःचा ड्रायव्हर आहे. आकाराने लहान, फक्त वाचणारा, जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) न चालवणारा. ईएक्सटी२, ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४ या तिन्हींसाठी एकच मॉड्यूल आहे आणि त्याचे नाव आजही 'ईएक्सटी२' असेच आहे. हेच मॉड्यूल ग्रबच्या कोअर इमेजमध्ये (बूटच्या वेळी आधी चढणाऱ्या भागात) बसून बायॉस बूट पार्टिशनात जाते, आणि ग्रब-प्रोब व ग्रब-इन्स्टॉल ही युजरस्पेसमधली साधनेही त्याच कोडने डिस्क वाचतात. म्हणून बूटच्या वेळी येणारी अडचण इथे इन्स्टॉलच्या वेळीच दिसली. खरे तर हे भाग्यच म्हणायचे.

खात्री करायला पाच मिनिटे पुरतात. ग्रब-कॉमन पॅकेजमध्ये 'ग्रब-एफएसटेस्ट' नावाचे एक दुर्लक्षित साधन असते. ते इमेज फाइल सरळ ग्रबच्या ड्रायव्हरने वाचते, माउंट किंवा लूप काहीही लागत नाही:

ग्रब-एफएसटेस्ट डिस्क.आयएमजी एलएस '(लूप०,जीपीटी२)/'

ग्रब २.१२ किंवा दुरुस्ती घेतलेला २.०६ असलेल्या यंत्रावर ही कमांड फोल्डरांची यादी देते. बुल्सआयच्या त्या काळच्या ग्रबने चालवली तर 'अननोन फाइलसिस्टिम'. डिस्क एकच, बाइट तेच, फरक फक्त वाचणाऱ्याच्या आवृत्तीचा. इथे संशयाचे बाकीचे सगळे धागे सोडून द्यावेत.

बाइट काय सांगतात

ईएक्सटी४ चा सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मूळ माहिती असलेला भाग) पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटवर सुरू होतो. त्यात ईएफ५३ ही ओळखखूण असते, आणि सुपरब्लॉकच्या ९२ व्या बाइटपासून चार-चार बाइटचे तीन फीचर-शब्द: कॉम्पॅट, इनकॉम्पॅट, आरओ-कॉम्पॅट. तिघांचे नियम वेगळे आहेत. कॉम्पॅटमधला अनोळखी बिट कर्नल दुर्लक्षून पुढे जातो. आरओ-कॉम्पॅटमध्ये अनोळखी बिट दिसला तर वाचायला हरकत नाही, लिहायचे मात्र नाही. इनकॉम्पॅटमध्ये दिसला तर हातच लावायचा नाही.

पार्टिशनच्या १११६ व्या बाइटपासून १२ बाइट 'हेक्सडंप -सी -एस १११६ -एन १२' ने काढले (पहिला सी मोठा), तर नव्याने फॉरमॅट केलेल्या, अजून माउंट न झालेल्या या पार्टिशनवर हे दिसते:

३सी १० ०० ०० | सी२ २२ ०० ०० | ६बी ०४ ०० ००

बाइट उलट क्रमाने वाचायचे. म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) कॉम्पॅट १०३सी, इनकॉम्पॅट २२सी२, आरओ-कॉम्पॅट ४६बी. जुन्या ई२एफएसप्रॉग्जने नेहमीच्या मांडणीत फॉरमॅट केलेल्या डिस्कवर पहिले दोन ३सी आणि २सी२ असे असतात. २सी२ ची फोड अशी: फाइलटाइप २, एक्स्टेंट्स ४०, ६४बिट ८०, फ्लेक्स_बीजी २००. नवीन भर दोनच. इनकॉम्पॅटमध्ये २०००, म्हणजे मेटाडेटा_सीसम_सीड. कॉम्पॅटमध्ये १०००, म्हणजे ऑर्फन_फाइल (पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइलींची नोंद एका खास फाइलमध्ये ठेवणे).

ग्रब २.०६ च्या ईएक्सटी२ मॉड्यूलमध्ये इनकॉम्पॅट बिटांच्या दोन याद्या आहेत. वर दिलेली चारही फीचर आणि शिवाय मेटा_बीजी व एन्क्रिप्ट ही 'येतात' या यादीत. 'येत नाहीत, पण सोडून दिली तरी चालते' या दुसऱ्या यादीत दोन: जर्नल रिकव्हरीचा बिट आणि एमएमपी (एकच डिस्क दोन यंत्रांनी एकदम माउंट करू नये यासाठीचे फीचर). दोन्ही याद्या वजा करून काहीही उरले तर मॉड्यूल हात वर करते. २२सी२ मधून उरतो फक्त २०००. ग्रब मग बाकीची मॉड्यूल्स एकेक करून विचारून पाहतो, कोणालाच डिस्क ओळखीची वाटत नाही, आणि 'असमर्थित फीचर' हे मूळ कारण वाटेत हरवून 'अननोन फाइलसिस्टिम' एवढेच बाहेर येते. मूळ कारण निरोपात टिकले असते, तर या प्रकरणाला दहा मिनिटेही लागली नसती.

हा बिट कशासाठी

मेटाडेटा_सीसम चालू असेल तर ईएक्सटी४ आपल्या प्रत्येक मेटाडेटा ब्लॉकसोबत सीआरसी३२सी चेकसम (बिघाड ओळखण्याचा पडताळा-आकडा) ठेवते, आणि त्या हिशोबाचे बीज फाइलसिस्टिमच्या यूयूआयडीवरून, म्हणजे तिच्या ओळखक्रमांकावरून, काढते. परिणामी यूयूआयडी बदलला की सगळे चेकसम नव्याने लिहावे लागतात, तेही डिस्क अनमाउंट करून. एका इमेजवरून शेकडो व्हर्च्युअल यंत्रे उभी करणाऱ्यांना प्रत्येकाचा यूयूआयडी पहिल्या बूटच्या वेळी, चालू रूटवर, बदलायचा असतो. सीसम_सीडने ते बीज सुपरब्लॉकमध्ये वेगळे नोंदवून ठेवले, मग यूयूआयडी खुशाल बदलावा. ज्या कर्नलला हे माहीत नाही तो बीज जुन्या पद्धतीने यूयूआयडीवरून काढेल आणि त्याला सगळीकडे चुकीचे चेकसम दिसतील. म्हणून बिट इनकॉम्पॅटमध्ये ठेवला, आणि कर्नलपुरते ते बरोबरच आहे.

ग्रब मात्र चेकसम तपासतच नाही. बीज कुठेही असो, त्याचे वाचन तंतोतंत तसेच होते. म्हणजे जी डिस्क ग्रब पूर्णपणे वाचू शकतो तीच तो नाकारतो, कारण यादीत एक ओळ नाही. दुरुस्तीही तेवढीच: सीसम_सीड 'सोडून दिले तरी चालते' या यादीत घालणे, आणि पुढे कधी चेकसम तपासायला लागलो तर ही ओळ काढा, अशी टीप. ही दुरुस्ती ग्रबच्या मूळ भांडारात आली, पण जून २०२१ मध्ये २.०६ निघाल्यानंतर. पुढची आवृत्ती २.१२ थेट २० डिसेंबर २०२३ ला आली. मधली अडीच वर्षे ज्या वितरणांनी दुरुस्ती स्वतः उचलली त्यांचाच ग्रब शहाणा.

फीचर नवे नव्हते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. कर्नलमध्ये ते ४.४ पासून, म्हणजे जानेवारी २०१६ पासून आहे. सात वर्षे ते मागितल्याशिवाय मिळत नव्हते, म्हणून कोणाला टोचले नाही. ५ फेब्रुवारी २०२३ ला निघालेल्या ई२एफएसप्रॉग्ज १.४७.० ने ते आणि ऑर्फन_फाइल दोन्ही न मागता द्यायला सुरुवात केली. बुकवर्मचा, म्हणजे डेबियन १२ चा, सॉफ्ट फ्रीझ (नवी आवृत्ती निघण्याआधी मोठे बदल थांबवण्याचा टप्पा) त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १२ फेब्रुवारीला. डेबियनच्या बगनोंदींत वाद व्हायचा तो झालाच. ज्या वितरणाची इमेज बनवायची त्याला झेपेल अशी मांडणी इमेज बनवणाऱ्याने स्वतः मागावी, असे एका बाजूचे म्हणणे. वर्षानुवर्षे चालत आलेली कमांड न सांगता वेगळी डिस्क देऊ लागली तर दोष कमांडचा, असे दुसऱ्या बाजूचे. तत्त्व म्हणून पहिली बाजू बरोबर वाटते. फ्रीझच्या तोंडावर मात्र दुसरीचे ऐकणेच शहाणपणाचे होते, आणि डेबियन १२ च्या पॅकेजात ही दोन्ही फीचर मूळ यादीतून बाहेर ठेवली गेली.

दुरुस्ती

डिस्क नव्याने बनवायची असेल तर फॉरमॅट करतानाच दोन्ही फीचर नाकारावीत:

एमकेएफएस.ईएक्सटी४ -ओ '^मेटाडेटा_सीसम_सीड,^ऑर्फन_फाइल' /डेव्ह/लूप०पी२

ओ मोठा हवा. लहान ओ वेगळाच पर्याय आहे. टोपीचे चिन्ह काही शेल स्वतःसाठी राखून ठेवतात, म्हणून अवतरणात. यात उणीव एकच: उद्या १.४८ किंवा १.४९ ने तिसरे फीचर न मागता दिले तर स्क्रिप्ट पुन्हा पडणार. त्यापेक्षा जास्त टिकाऊ मार्ग असा, की ज्या वितरणाची इमेज आहे त्याच्या ई२एफएसप्रॉग्ज पॅकेजमधली एमकेई२एफएस.कॉन्फ फाइल काढून घ्यावी आणि एमकेई२एफएस_कॉन्फिग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिचा मार्ग देऊन यजमानाचाच एमकेएफएस चालवावा. काय 'न मागता' द्यायचे हे ती फाइल ठरवते. साधन नवे राहते, मांडणी जुन्याच्या पचनी पडेल अशी होते. इमेज बनवणाऱ्या स्क्रिप्टसाठी आमचे मत सरळ याच बाजूचे आहे.

डिस्क आधीच भरलेली असेल तर पुन्हा फॉरमॅट करायची गरज नाही. अनमाउंट करून यजमानाच्याच साधनांनी (ई२एफएससीके फाइलसिस्टिम तपासतो, ट्यून२एफएस तिची फीचर बदलतो):

ई२एफएससीके -एफ /डेव्ह/लूप०पी२
ट्यून२एफएस -ओ '^ऑर्फन_फाइल,^मेटाडेटा_सीसम_सीड' /डेव्ह/लूप०पी२
ई२एफएससीके -एफ /डेव्ह/लूप०पी२

यजमानाचीच का? बुल्सआयच्या १.४६.२ ला ऑर्फन_फाइल माहीत नाही, त्यामुळे त्यातला ई२एफएससीके ही डिस्क तपासायलाच तयार होणार नाही. सीसम_सीड काढताना ट्यून२एफएस नोंदवलेले बीज यूयूआयडीशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले तर बिट पुसला की काम झाले. फॉरमॅटनंतर कोणी यूयूआयडी बदलला असेल तर सगळे चेकसम पुन्हा लिहावे लागतात. मोठ्या डिस्कवर त्याला वेळ लागतो आणि मधे वीज गेलेली परवडत नाही. हेक्सडंप पुन्हा घेतला की मधला शब्द सी२ ०२ दिसला पाहिजे. मग सीएचरूटमध्ये ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब.

फक्त ग्रबचे समाधान केले तर

सीसम_सीड काढले, ग्रब बसला, आणि ऑर्फन_फाइल तशीच राहिली, असे बरेचदा होते, कारण ती कॉम्पॅट आहे आणि ग्रब तिच्याकडे बघतही नाही. कर्नल ५.१० ही डिस्क माउंट करतो. मात्र इनिटरॅमएफएसमधला (बूटच्या वेळी मेमरीत चढणाऱ्या छोट्या प्रणालीतला) जुना ई२एफएससीके असा कर्नलसारखा उदार नाही. दुरुस्तीच्या साधनाला डिस्कवरची प्रत्येक गोष्ट कळलीच पाहिजे, म्हणून तो कॉम्पॅटमधला अनोळखी बिटही नाकारतो: 'अनसपोर्टेड फीचर: फीचर_सी१२', वर 'नवीन ई२एफएससीके आणा' हा सल्ला. सी म्हणजे कॉम्पॅट आणि १२ म्हणजे बारावा बिट, शून्यापासून मोजून. हेक्समध्ये १०००. ज्यांना हे माहीत नाही त्यांना सी१२ म्हणजे काय हे कुठल्याच मॅन पानात सापडत नाही.

त्याहून खोल खड्डा पुढे आहे. ऑर्फन_फाइल असलेली डिस्क ५.१५ किंवा नंतरच्या कर्नलने लिहिण्यासाठी माउंट केली की आरओ-कॉम्पॅटमध्ये १०००० हा बिट लागतो आणि नीट अनमाउंट झाल्यावरच निघतो. इमेज माउंट असतानाच कोणी तिची नक्कल काढली, तर हा बिट नकलेत तसाच जातो. मग ५.१० वर रूट फक्त वाचण्यापुरती चढते आणि कर्नलच्या लॉगमध्ये 'अनसपोर्टेड ऑप्शनल फीचर्स (१००००)' अशी ओळ येते. लक्षणे विचित्र असतात. यंत्र अर्धवट उठते, सेवा लॉग लिहू शकत नाहीत, आणि दोष एफस्टॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचे याच्या यादीत) आहे असे वाटत राहते.

वेगळे बूट पार्टिशन ठेवण्याचा सल्लाही मिळतो: ५१२ एमबी, साधे ईएक्सटी२, ग्रब तेवढेच वाचेल. ग्रबपुरते ते खरे आहे. पण रूट पार्टिशनवरची ऑर्फन_फाइल जुन्या कर्नलला आणि जुन्या ई२एफएससीकेला भेटायची ती भेटतेच.

आणखी एक पळवाट मोहात पाडते. सीएचरूटमधला ग्रब अडतो ना, मग बाहेरच्या, दुरुस्ती घेतलेल्या ग्रबने --बूट-डिरेक्टरी देऊन बसवू. बसतो, आणि बूटही होतो, कारण कोअर इमेज नव्या ग्रबची आहे. इमेज तपासून पुढे पाठवली जाते. काही आठवड्यांनी पाहुण्या यंत्रावर ग्रबचे सुरक्षा अद्यतन येते. पॅकेजची स्क्रिप्ट तिथला स्वतःचा ग्रब-इन्स्टॉल चालवते, तो जुनाच आहे, आणि 'अननोन फाइलसिस्टिम' त्या दिवशी, प्रत्येक यंत्रावर एकदम उगवते. म्हणून ग्रब बसवायचा तो पाहुण्याच्या आतूनच. तो तिथे बसत नसेल तर डिस्क बदलायची, ग्रब नाही.

खऱ्या यंत्रावर

हाच दोष घरच्या किंवा ऑफिसच्या यंत्रावर बहुधा बॅकअप परत टाकताना येतो. जुन्या यंत्राचे रूट पार्टिशन नव्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून फॉरमॅट करायचे, जुना यूयूआयडी '-यू' (मोठा) ने देऊन, म्हणजे एफस्टॅब बदलावी लागत नाही, आणि आरसिंकने फाइली परत ओतायच्या. एमबीआर (डिस्कचा पहिला सेक्टर) आणि बायॉस बूट पार्टिशन शाबूत असतात. रीबूट केले की:

एरर: अननोन फाइलसिस्टिम.
एंटरिंग रेस्क्यू मोड...
ग्रब रेस्क्यू>

इथे 'सेट प्रीफिक्स' आणि 'इन्समॉड नॉर्मल' ही नेहमीची औषधे चालत नाहीत. नॉर्मल मॉड्यूल ज्या पार्टिशनवर आहे तेच वाचता येत नाही. आधी 'एलएस' द्यावे, मग 'एलएस (एचडी०,जीपीटी२)/'. पार्टिशन यादीत आहे पण आत 'अननोन फाइलसिस्टिम', तर बहुधा हेच प्रकरण. पार्टिशनच दिसत नसेल, किंवा 'फाइल नॉट फाउंड' येत असेल, तर दुखणे वेगळे. उपाय वरचाच: त्याच लाइव्ह पेनड्राइव्हवरून ई२एफएससीके, ट्यून२एफएस, ई२एफएससीके. ग्रब पुन्हा बसवावा लागत नाही, त्याची कोअर इमेज जागच्या जागी आहे.

यूईएफआय (बायॉसच्या जागी आलेले फर्मवेअर) असलेल्या यंत्रावर ग्रब स्वतः फॅट पार्टिशनातून येतो, पण कर्नल मात्र ईएक्सटी४ वरूनच उचलतो, त्यामुळे सुटका नाही. सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर या भानगडीत पडत नाही. कर्नल तो बहुधा ईएफआय पार्टिशनातच ठेवायला लावतो आणि वाचायचे काम फर्मवेअरवर सोपवतो. बदल्यात ते पार्टिशन मोठे ठेवावे लागते.

ईएक्सटी४ मध्ये निदान मागे फिरता येते. झेडएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये तेवढीही सोय नाही. बूट पूलवर (पूल म्हणजे झेडएफएसचा डिस्कांचा एकत्र साठा) 'झेडपूल अपग्रेड' चालवला आणि ग्रबला न येणारी फीचर वापरात आली, की ट्यून२एफएससारखे ती काढून टाकणारे काही नसते. डेटा बाहेर काढून पूल नव्याने बांधावा लागतो. झेडपूल स्टेटस 'काही फीचर चालू नाहीत' अशी आठवण सतत करून देत असतो आणि सवयीने हात अपग्रेडकडे जातो. ओपनझेडएफएस २.१ पासून पूल बनवताना 'कंपॅटिबिलिटी' गुणधर्माला 'ग्रब२' हे मूल्य देता येते. मग अपग्रेडही त्या यादीबाहेरची फीचर चालू करत नाही.